पहिलं पाणी

“ही बाटली कुणाच्या घरची?” यंत्रावर बसणाऱ्या पोरीने विचारलं, आणि प्रयोगशाळेत कुणीच तोंड उघडलं नाही. उघडायला हवं होतं ते नमुने गोळा करणाऱ्या बाईने. बाटलीवरच्या चिठ्ठीवर तिचंच अक्षर होतं, इतक्या वर्षांत तिच्याइतकंच दमलेलं, ओळ सोडून खाली घसरणारं. पण ती चहाचा कप विसळत राहिली. पोरीने दुसऱ्यांदा मोजलं, मग यंत्र साफ करून तिसऱ्यांदा मोजलं. शिसं. चालतं त्याच्या कितीतरी पट. बाकीच्या बाटल्या आपापल्या मर्यादेत गुमान बसल्या होत्या आणि ही एकच अशी निघाली होती. “माझ्या घरची,” ती शेवटी म्हणाली. पोर ओशाळली. दुसऱ्याच्या घरातलं भांडण चुकून कानावर पडावं तशी इकडेतिकडे बघत म्हणाली, “मॅडम, काहीतरी चुकलं असेल हो.” ती म्हणाली, हो, असेल. आणि कप पालथा घालता घालता, परवा सकाळी नवऱ्याने म्हटलेलं आणि तिने ऐकून सोडून दिलेलं एक वाक्य जसंच्या तसं तिच्या कानात आलं. “अगं, सगळं नको घेऊस. मिरीचं पाणी आहे ते.”

मिरी म्हणजे नात. दीड वर्षाची, काळीसावळी, मुठीएवढं तोंड, आणि राग आला की अख्खं घर ठसकायला लावणारी, म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. लेक रोज कामावर जाताना तिला सोडायची आणि संध्याकाळी न्यायची. दिवसभर मिरी आणि आजोबा. ती स्वतः लेकीच्याही आधी घराबाहेर पडायची, त्यामुळे मिरी तिला भेटायची ती संध्याकाळी, पेंगुळलेली, किरकिरी, नेमकी तिच्याचकडे यायचं नाही असा हट्ट धरलेली. परवा सकाळची गोष्ट अगदी साधी होती. वरून नवीन फर्मान आलं होतं की आता नमुने वेगळ्या पद्धतीने घ्यायचे. रात्रभर नळ बंद राहू द्यायचा आणि सकाळी सोडल्याबरोबर जे पहिलं पाणी येईल ते, एक थेंबही वाया न घालवता, बाटलीत धरायचं. एवढ्या सकाळी कोण कुणाला घरात घेणार? म्हणून साहेब म्हणाले, सुरुवातीला आपणच आपापल्या घरून आणूया. तिने बाटली पिशवीत टाकून घरी नेली आणि नवऱ्याला सांगायचं विसरली. सकाळी उठून बघते तर नवऱ्याने नेहमीप्रमाणे नळाखाली पातेलं लावून पहिलं पाणी भरूनही ठेवलेलं. तिने कपाळावर हात मारला. पुन्हा एक रात्र थांबायचा तिला कंटाळा आला. पहिलंच पाणी आहे ना, मग नळातून काय आणि पातेल्यातून काय, म्हणून तिने बाटली सरळ पातेल्यात बुडवली. तेव्हा तो म्हणाला होता, मिरीचं पाणी आहे ते. तिने झाकण लावलं, चपला घातल्या आणि निघाली. बस चुकेल याच्यापलीकडे तिच्या डोक्यात काही नव्हतं.

खरं तर डोक्यात काही नसणं हाच तिच्या कामाचा मोठा भाग होता. शहरभर फिरून लोकांच्या घरचं, हॉटेलांचं, शाळांचं पाणी गोळा करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली. दारात उभी राहिली की आतून कुणीतरी ओरडायचं, “नळबाई आल्या गं.” ते नाव मग प्रयोगशाळेतही चिकटलं. नळबाईंचं काम ठरलेलं असायचं. नळाचं तोंड पुसायचं, स्पिरिटच्या बोळ्याने जाळून घ्यायचं, आणि मग नळ सोडून उभं राहायचं. बराच वेळ. पाइपात साचलेलं पाणी जाऊ द्यायचं, हाताला गार लागलं की मगच बाटली पुढे करायची. तिला कुणीतरी असं शिकवलं होतं आणि तिने पुढच्यांना असंच शिकवलं. रस्त्याखालच्या मोठ्या पाइपातलं पाणी कसं आहे ते बघायचं असतं, कुणाच्या मोरीतलं नाही. घरच्या बायका शेजारी उभ्या राहून ते वाहणारं पाणी बघत आणि हळहळत. एखादी बादली पुढे सरकवायची. ती म्हणायची, असू द्या हो, हे साचलेलं असतं, ह्यात काही अर्थ नाही. त्या साचलेल्या पाण्यात काय आहे हे तिने आयुष्यात कधी बघितलं नव्हतं. ते बघायचंच नसतं असा सगळ्यांचा समज होता, आणि सगळे नमुने वर्षानुवर्षं पास होत होते. आता वाटलं, आपण अख्खं आयुष्य शहराला तोंड धुऊन, केस विंचरून आणायला लावलं आणि मग म्हटलं, किती छान दिसतंय.

साहेबांनी आकडा बघितला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितला. तिच्यापेक्षा वयाने लहान, माणूस वाईट नव्हता. निवृत्तीला आलेल्या बाईशी बोलताना आवाज खाली आणायचा. “नळाखाली धरून भरली होती ना बाटली?” ती म्हणाली, नाही, पातेल्यातून भरली. साहेबांचा चेहरा एकदम मोकळा झाला. “मग झालं तर! नमुना बाद. पातेल्याला डाग देऊन झाळलेलं असेल कुठेतरी, त्यात शिसं असतंच. तुम्हाला मी काय सांगणार? पुन्हा एकदा नीट घेऊन या, घाई नाही.” ती म्हणाली, बरं. आणि खरंच क्षणभर तिला बरं वाटलं, अंगातून काहीतरी जड उतरल्यासारखं. पातेल्याचंच असेल. पातेलं जुनं होतं, कान निखळला तेव्हा नवऱ्याने कोपऱ्यावरच्या माणसाकडून झाळून आणला होता. ती हे पातेलं मनात उलटंपालटं करून बघत राहिली. पण पातेल्यात पाणी कितीसा वेळ होतं? तो भरून बाजूला झाला आणि ती आलीच. रात्रभर साचून राहिलेलं असतं ते पाइपातलं. आणि त्यांची इमारत किती जुनी, रस्त्यापासून आत येणारा पाइप कसला, हे तिला माहीत नव्हतं असं थोडंच? तळमजल्यावर मीटरच्या मागे तो दिसतो. करडा, मऊ, नखाने ओरखडला तर चकाकणारा. रोज त्याच्यावरून नजर फिरवून ती जिना चढत होती. शिवाय पातेल्याचं असो की पाइपाचं, पोटात गेलं ते मिरीच्याच. साहेबांनी नमुना बाद केला. मिरीला बाद करता येत नव्हतं. तिने अर्ध्या दिवसाची रजा मागितली आणि साहेब म्हणाले, अहो, मागता काय, जा.

बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली. दुपारची बस, रिकामी, पुढे दोन म्हातारे आपापल्या गोळ्यांचे गुण सांगत बसलेले. तिला वाटलं होतं आपण रडू, पण रडायलाही थोडी ताकद लागते. ती नुसती बाहेर बघत राहिली. नवऱ्याला पाण्याचा आवाज सहन व्हायचा नाही. लग्न झालं तेव्हा पहिलं भांडण त्यावरूनच झालं. ती पाणी प्यायच्या आधी नळ सोडून ठेवायची, कामावरची सवय, हाताला गार लागल्याशिवाय पेला धरताच यायचा नाही. तो दुसऱ्या खोलीतून धावत यायचा. “अगं, नळ!” कुणी जखमी झाल्यासारखा आवाज. त्याचं लहानपण चौथ्या मजल्यावर गेलेलं, पाणी खाली अंगणात. त्याची आई कळशा चढवायची. एकदा ती जिन्यात घसरली, पाय मोडला, आणि लोक जमले तेव्हा ती पायाबद्दल काही न बोलता सांडलेल्या पाण्याकडे बघत होती म्हणे. हे त्याने एकदाच सांगितलं, लग्नानंतर कितीतरी दिवसांनी, आणि नंतर कधी नाही. ते ऐकूनही नळ सोडायची तिची सवय सुटली नाही. मग त्यानेच वाद मिटवला. एके सकाळी ती नळ सोडून उभी असताना तो आला आणि मुकाट्याने धारेखाली एक पातेलं ठेवून गेला. तिला हसू आलं. तेव्हापासून रोज पातेलं. तिचा पेला नंतरच्या पाण्याचा, पातेलं पहिल्या पाण्याचं. दोघांचंही राहिलं. संसारात ज्या दोनचार गोष्टी खरंच छान जमल्या त्यात ती ही एक धरायची, आणि मैत्रिणींना कौतुकाने सांगायची.

पातेल्यातलं पाणी झाडांना जायचं, फरशी पुसायला जायचं. निदान असं तिने धरलं होतं. मग तो निवृत्त झाला, मिरी झाली, आणि त्याला एकदम पुन्हा काम मिळालं. त्याला काम मिळालं की तो माणसात येतो. मिरीची दुपटी तो अशी घडी घालायचा की दुकानातल्या माणसाने लाजावं. स्टोव्हवर उकळत असलेलं पाणी तिने कितीदा तरी बघितलं होतं. नळाखालचं पातेलंही रोज बघत होती. पण तिच्या डोक्यात ती दोन वेगवेगळी पातेली होती, दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवलेली, आणि त्यांची कधी गाठच पडली नव्हती. उकळा असं तिनेच सांगितलं होतं. लेकीच्या वेळेला, नंतर शेजाऱ्यांना, साथ आली तेव्हा सगळ्या शहराला. उकळलं की जंतू मरतात. तीस वर्षं प्रयोगशाळेत जंतूंशिवाय दुसरं नाव नव्हतं. शिसं मरत नाही. पाणी वाफ होऊन जातं आणि ते तिथेच बसून राहतं. जितकं उकळावं तितकं उरलेल्या पाण्यात दाटत जातं.

मिरी अजून बोलत नव्हती. म्हणजे दोन-तीन शब्द, तेही मनात आलं तर. पोट दुखतं असं वाटायचं, पाय पोटाशी घेऊन रडायची. डॉक्टर म्हणाले होते, प्रत्येक मूल आपल्या वेळेने चालतं-बोलतं, काळजी करू नका. लेक त्या दिवशी घरी येऊन म्हणाली होती, “आई, तूसुद्धा उशिराच बोलायला लागलीस ना? आजी सांगायची.” आणि सगळे हसले होते. ह्याचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही, तिने स्वतःला बजावलं. असतोच असं नाही. रक्त तपासल्याशिवाय काही म्हणता येत नाही. तिने हे वाक्य कितीतरी लोकांना ऐकवलं होतं, तपासल्याशिवाय काही म्हणता येत नाही, आणि समोरच्या माणसाला ते ऐकून कसं वाटत असेल याचा तिने कधी विचार केला नव्हता. रक्त तपासायचं म्हणजे लेकीला सांगायला हवं. लेकीला सांगायचं म्हणजे ती विचारणार, कुठलं पाणी, कुणी दिलं. आणि मग तो. शिशापेक्षाही तिला, हे कळल्यावर त्याचं काय होईल, याचीच जास्त भीती वाटली, हे लक्षात आल्यावर तिला स्वतःची शरम वाटली. पण भीती कमी झाली नाही.

तिने दार उघडलं तेव्हा तो जमिनीवर पालथा पडून पलंगाखाली हात घालत होता आणि मिरी त्याच्या पाठीवर बसली होती. “चेंडू गेलाय,” तो खालूनच म्हणाला. “तू एवढ्या लवकर? बरं नाही का?” ती म्हणाली, डोकं दुखतंय. मिरीने तिच्याकडे बघितलं, हसली नाही, पण आज तोंडही फिरवलं नाही. ती स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर मिरीची निळी बाटली, धुऊन पालथी. शेजारी थर्मास. त्याच्याशेजारी ते पातेलं, घासून लख्ख केलेलं, झाळलेला कान भिंतीकडे करून. तिने थर्मास उघडला आणि मोरीत ओतायला लागली.

“अगं अगं अगं!” तो धावत आला, मिरी काखेत. “आत्ताच उकळून ठेवलंय ते!”

“मिरीला कुठलं पाणी देता?” तिने विचारलं.

“कुठलं म्हणजे? आपलंच.” मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याला वाटलं ती परीक्षा घेतेय, आणि तो खुशीत आला. इतक्या वर्षांत तिने त्याला पाण्याबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं होतं. “तुला वाटतं मला काही कळत नाही. सकाळचं पहिलं पाणी. दिवसभर कुणाकुणाचे हात लागतात नळाला, रात्रभर थांबलेलं कसं निवांत असतं, सगळा गाळ खाली बसलेला. ते भरतो. मग फडक्यातून गाळतो, दुहेरी. मग उकळतो. तुझ्यासारखं बुडबुडे आले की बंद नाही. चांगलं अर्धं होईपर्यंत आटवतो. एक जंतू सापडला तर सांग. ने तुझ्या त्या यंत्रात घालून बघ.”

अर्धं होईपर्यंत. ती मोरीच्या कडेला हात टेकून उभी राहिली. नळाच्या तोंडाशी एक थेंब जमा होत होता आणि पडत नव्हता. त्याच्या काखेत मिरी त्याची कॉलर चोखत होती. आता सांगायचं, तिने ठरवलं. अहो, ऐका. एवढे दोन शब्द झाले की पुढचं आपोआप येईल. तिने तोंड उघडलं, आणि तो म्हणाला, “डोक्याला बाम लावू का?” मग ती म्हणाली, नको, पडते जरा. पलंगावर पडून ती त्या दोघांचे आवाज ऐकत राहिली. तो मिरीशी सारखा बोलत होता. हा चेंडू, हा लाल, हा गोल, बोल बघू, लाल. मिरी बोलत नव्हती आणि तो कंटाळत नव्हता. तिला आठवलं, लेक लहान होती तेव्हा तो असा नव्हता. तेव्हा त्याला नोकरी होती, आणि उशीर व्हायचा, आणि माणूस दुसऱ्यांदा संधी मिळाली की किती जीव टाकतो. ती उठली, मघाशी रिकामा केलेला थर्मास तिने नळ बराच वेळ सोडून भरला. दुसऱ्या खोलीतून आवाज आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

लेक आली तीच घाईत, दारातच चपला न काढता. “चला मिरीबाई.” ती लेकीला म्हणाली, “बस जरा. मिरीचं रक्त तपासायला हवं.” लेकीने पिशवी खाली ठेवली. “का? पडली का?” तो हसत म्हणाला, “छे, पडतेय कशाला? तुझी आई आज लवकर आलीय, काहीतरी खूळ घेऊन.” मग तिने सांगितलं. फार थोडक्यात, कचेरीत सांगतात तसं. नळाच्या पाण्यात शिसं सापडलंय. आपल्या इमारतीचा पाइप जुना आहे. लहान मुलांना त्रास होऊ शकतो, होईलच असं नाही. उद्याच्या उद्या रक्त दिलं की कळेल. लेक ऐकत होती आणि तिच्या कपाळावरची शीर, जी लहानपणापासून आधी दिसते आणि मग रडू येतं, ती दिसायला लागली होती.

“पण तू तर नळ सोडून ठेवतेस,” लेक म्हणाली. “लहानपणापासून ऐकतेय मी. सोडून ठेवलं की पाइपातलं निघून जातं, तूच सांगायचीस. मग मिरीच्या पोटात कसं जाईल?”

लेकीने तिच्याकडे बघितलं, मग बापाकडे. तो ओट्याकडे बघत होता. घासून लख्ख केलेल्या पातेल्याकडे. तिला दिसलं की त्याच्या लक्षात येतंय. एकेक पायरी उतरावी तसं येतंय, पहिलं पाणी, फडकं, अर्धं होईपर्यंत. शेवटच्या पायरीवर तो पोचायच्या आत काहीतरी करायला हवं होतं. तिने विचार केला नाही. ती म्हणाली, “मीच सांगितलं होतं ह्यांना. पहिलं पाणी भरत जा, उकळत जा, तेच मिरीला देत जा. मी सांगितलं म्हणून दिलं ह्यांनी.”

“तू?” लेक म्हणाली. “आई, तुझं कामच आहे हे. आयुष्यभर दुसरं काय केलंस तू? आम्ही आजारी पडलो तेव्हासुद्धा तू तुझ्या बाटल्या घेऊन फिरत होतीस. आणि तुला एवढं कळलं नाही?” ती म्हणाली, नाही कळलं. हे खोटं बोलताना तिला काही वेगळं वाटलं नाही, कारण ते फारसं खोटं नव्हतं. लेकीने मिरीला उचललं. मिरीने आजोबांकडे हात केले, त्याने केले नाहीत. जिन्यात मिरी रडत होती, मग खालचं दार लागलं आणि आवाज थांबला. मग तो म्हणाला, “तू कधी सांगितलं होतंस?” ती म्हणाली, “सांगितलं असेन कधीतरी.” तो म्हणाला, “नाही सांगितलंस.” आणि उठून त्याने ओट्यावरचं पातेलं कपाटात, अगदी आतल्या बाजूला, मोठ्या डब्याच्या मागे ठेवलं.

सकाळी तिला जाग आली ती त्याच्या आवाजाने. तो बाहेरच्या खोलीत फोनवर बोलत होता, हळू, पण भिंत पातळ. “तुझी आई नाही. मीच. तिने कधी सांगितलं नाही मला. तिने तर कधी... नाही, ऐक. मला पाणी वाहून गेलेलं बघवत नाही, तुला माहितीये. म्हणून भरत होतो. मला वाटलं पोरीला चांगलं...” मग बराच वेळ तो नुसता ऐकत होता. ती पांघरुणात पडून राहिली. आपण त्याच्यासाठी एवढं खोटं बोललो, आणि ह्या माणसाने ते एक रात्रही ठेवून घेतलं नाही. तिला राग आला, आणि रागाबरोबर असं काहीतरी आलं की तिने उशीत तोंड खुपसलं. पाणी तरी कसं वाया घालवू देईल हा, खरं तरी कसं दडवू देईल. दडवून ठेवलेल्या खऱ्याचाही ह्याला आवाज येत असेल.

ती बाहेर आली तेव्हा फोन टेबलावर होता आणि तो खुर्चीच्या कडेला बसला होता.

“काय म्हणाली?”

“काही नाही. चाललीय रक्त द्यायला. मिरी उठल्यापासून चपला हातात घेऊन दाराशी उभी आहे म्हणे, इकडे यायचं म्हणून.” तो थांबला. “देऊन झालं की आणते म्हणाली.”

“आणते म्हणाली?”

“हो. पाणी बरोबर देईन म्हणाली. घरून.”

ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवायची सवय दोघांनाही नव्हती, म्हणून तिने खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. थोड्या वेळाने तो उठला आणि स्वयंपाकघरात गेला. तिला वाटलं चहा टाकायला गेला. पण नळ सोडल्याचा आवाज आला, आणि त्याखाली भांडं ठेवल्याचा आवाज आला नाही. ती दारात गेली. तो नळासमोर उभा होता, हात अंगाशी घेऊन, आणि धार सरळ मोरीत पडत होती.

“किती वेळ सोडायचं?” त्याने मागे न बघता विचारलं.

“गार लागेपर्यंत.”

त्याने हात पुढे केला आणि धारेखाली धरला, तळवा वर करून, काही मागितल्यासारखा. त्याच्या बोटांमधून ते पाणी जात होतं आणि जाताना आवाज करत होतं. तिने किती नळांखाली हात धरला होता, पाणी गार झालेलं तिला नुसतं बघून कळायचं. नळाला बाहेरून बारीक घाम येतो. तो आला. मिरी यायला अजून पुष्कळ वेळ होता, आणि येताना तिच्याजवळ तिचं पाणी असणार होतं. तिने त्याला सांगितलं नाही की झालं आता. पाणी केव्हाच गार झालं होतं, आणि ज्याला नळाचा आवाज सहन व्हायचा नाही तो तसाच हात धरून उभा होता. त्याने नळ बंद केला नाही, तिनेही केला नाही.